गाडीचा गंज रोखणारी ‘इलेक्ट्रॉनिक’ डबी: पैसे घालू नका

बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला न्यायची आणि येताना मासळी भरून आणायची, असा ज्यांचा धंदा आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. आमची पिकअप याच रस्त्यावर असते. वरून जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, आतून मासळीच्या खोक्यांतून झिरपणारं खारट पाणी; हौद्याचा पत्रा टिकणार कसा? हीच नस धरून गाडीच्या सामानाच्या एका दुकानदाराने गंज रोखणारं यंत्र, म्हणजे बॅटरीला जोडायची डबी आणि बोनेटखाली चिकटवायची पट्टी, आमच्या गळ्यात मारलं. साडेनऊ हजार रुपये आणि दहा वर्षांची गॅरंटी.

दुकानात काचेचे दोन पेले मांडलेले. दोन्हींत मिठाचं पाणी आणि एकेक खिळा. यंत्राची तार जोडलेला खिळा लखलखीत, दुसऱ्याखाली तांबडा गाळ. हे दृश्य खरंच असतं, म्हणून तर माणूस फसतो. पण गाडी काही पेल्यात बुडवून ठेवलेली नसते.

विजेच्या सौम्य प्रवाहाने लोखंड वाचवता येतं, ही विद्या खोटी नाही. 1824 साली इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त-लोखंडाचे तुकडे जोडून या विद्येचा पाया घातला. आजही जहाजं आणि जमिनीखालच्या पाइपलाइनी अशाच राखतात. मात्र तिथे चहूबाजूंनी समुद्राचं पाणी किंवा ओली माती असते आणि तिच्यातूनच प्रवाह लोखंडापर्यंत पोचतो. गाडीभोवती असते हवा. कुठे थेंब, कुठे चिखल, सगळं तुटक. बोनेटखाली चिकटवलेल्या पट्टीतून मागच्या हौद्याच्या सांध्यापर्यंत प्रवाह जायला वाटच नाही. डबीवर लुकलुकणारा हिरवा दिवा बॅटरी जोडलेली आहे एवढंच सांगतो. अमेरिकेत 1990च्या दशकातच अशा यंत्राच्या दाव्यांवर तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने कारवाई केली होती. तोच माल इथे नवा शोध म्हणून खपवतात, याचा संताप येतो.

पुढे हौद्याच्या कोपऱ्यात रंग फुगला. डेंटरने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर पापडी निघाली आणि टोक आरपार! पत्रा कापून नवा जोडावा लागला. गॅरंटी कार्डाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत होतं: दरवर्षी तपासणीचा शिक्का हवा, सांध्यांतला आणि ओरखड्यांतला गंज गॅरंटीत धरणार नाही. अहो, गंज सुरू होतो तोच तिथून!

तेवढ्या पैशांत करण्यासारखं बरंच आहे. मासळी उतरवली की हौदा आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवा. दारांच्या आणि हौद्याच्या तळाची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी ठेवा. ओरखड्यावर लगेच प्रायमर मारा. अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूचा गंजरोधक लेप, पावसाळ्याआधी, कोरड्या पत्र्यावर. गंजावरच थापलं तर आतून जास्त सडतं.

पैसे गेले असतील तर बिल, कार्ड आणि जाहिरातीचा कागद जपून ठेवा. आमच्या बिलावर कोल्हापूरचा पत्ता होता आणि ‘तक्रार तिकडे जाऊन करा’ असं तोंडावर सांगितलं. ऐकू नका. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्यासाठी बेळगावातच. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.