आधी पोटोबा की आधी झोप? सिंगापूर–मुंबई बिझनेस क्लासचा हिशोब

सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे आणि तिथल्या चांगी विमानतळावरून मुंबईला यायला विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सातला सुटलेलं विमान मुंबईत रात्री दहाला टेकतं. घड्याळाच्या दृष्टीने तीनच तास गेले, पण चार दिवस तिथल्या वेळेवर मीटिंगा केलेल्या शरीरात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या बिझनेस क्लासबद्दल बोलताना सुरुवात या हिशोबापासूनच करायला हवी, कारण तिकडची सरबराई आखलेली आहे लांबच्या प्रवासासाठी आणि आपल्याकडे वेळ आहे साडेपाच तास. जेवण, सिनेमा, काम, झोप हे सगळं वसूल करायला गेलात तर एकही धड पदरात पडत नाही.

वेळ कुठे जातो ते बघा. विमान सुटून पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. मग पेय, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर साते (काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे), त्यानंतर पांढरा टेबलक्लॉथ अंथरून मुख्य जेवण, गोड, चहा-कॉफी. घाई न करता वाढतात, त्यामुळे दोन तास आरामात जातात. उतरण्याआधी तीस-चाळीस मिनिटं सीट सरळ करावीच लागते. बाकी उरतात साधारण अडीच तास. आडवं व्हायला मिळणारी वेळ ती एवढीच. उलट जेवण लाउंजमध्ये उरकून विमानात बसल्याबसल्या ‘मला उठवू नका’ असं सांगितलंत तर सलग चार तास झोप होते. आमचं मत स्पष्ट आहे: संध्याकाळच्या विमानाला झोप निवडा, सकाळच्या विमानाला जेवण.

आता सीट. इथे खरी मेख आहे, कारण पाटी ‘बिझनेस’ एकच असली तरी विमानानुसार सीट वेगळी मिळते. तिन्ही प्रकारांत मांडणी १-२-१ आहे (दोन्ही खिडक्यांना एकेक, मध्ये दोन), म्हणजे कोणालाही ओलांडून जावं लागत नाही. पण बेड होण्याची तऱ्हा निराळी.

एअरबस ए३८० वर बिझनेस क्लास वरच्या मजल्यावर आहे, एकूण ७८ सीट. ही २०१७ मध्ये आलेली सीट बटण दाबून थेट आडवी होते आणि बेड ७८ इंची, म्हणजे साडेसहा फूट. मधल्या जोडीतल्या काही सीटांमधला पडदा खाली घेऊन डबल बेड करता येतो. नवरा-बायकोला ठीक, पण ऑफिसातल्या साहेबांबरोबर प्रवास असेल तर खिडकीची सीट घेतलेली बरी. एकट्याने तर खिडकीच घ्यावी. पाय पुढच्या सीटशेजारच्या कप्प्यात सरकवायचे असतात आणि तो कप्पा अरुंद आहे. आठ-नऊ नंबरचा पाय असेल तर काही वाटत नाही, अकरा नंबरवाल्याला कूस बदलताना घोटा घासतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक भागाची पहिली ओळ. तिथे पुढे सीट नसते, त्यामुळे पाय ठेवायला सबंध रुंदीची जागा मिळते. सीट निवडताना पहिली नजर तिकडे टाका.

बोइंग ७७७-३००ईआर आणि लांब पल्ल्याचं ए३५० यांत २०१३ च्या घराण्यातली सीट आहे. बसायला ही सर्वांत ऐसपैस, दोन सडपातळ माणसं मावतील इतकी. झोपायला मात्र एक कसरत आहे. इथे बटणाने बेड होत नाही. उठून उभं राहायचं, पाठीचा भाग वरून ओढून पुढे दुमडायचा, की मागे लपलेली सपाट गादी समोर येते. चादर-उशी लावायला केबिन क्रूला हाक मारा, ते दोन मिनिटांत करून देतात. बेडची लांबी इथेही ७८ इंच सांगितलेली आहे, पण ती तिरकी मोजलेली. डोकं एका कोपऱ्यात आणि पाय विरुद्ध कोपऱ्यातल्या खोबणीत. उजव्या कुशीवर झोपायची सवय आहे की डाव्या, यावर कोणत्या बाजूची खिडकी सोयीची ते ठरतं. आणखी एक: एकदा बेड केला की अर्धवट टेकून सिनेमा बघणं संपलं. बेड नाहीतर खुर्ची, मधलं काही नाही. दुपारची वामकुक्षी घ्यायची असेल तर बेड न करता सीट जेवढी मागे जाते तेवढी घेऊन पाय वर टाकावेत, ते जास्त आरामाचं.

मध्यम पल्ल्याचं ए३५० आणि ७८७-१० यांवरची सीट या दोहोंपेक्षा आटोपशीर आहे. बेड ७६ इंची, बटणावर सपाट होतो. ओळी एकाआड एक सरकवलेल्या असल्यामुळे एका ओळीत सीट खिडकीला चिकटून असते आणि टेबल वाटेकडे, तर पुढच्या ओळीत सीट वाटेला लागून आणि टेबल खिडकीकडे. पहिल्या प्रकारात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा धक्का लागत नाही. सीट-नकाशावर नीट बघितलं की फरक दिसतो, तेवढी दोन मिनिटं द्या.

बुकिंगच्या पानावर ‘ए३५०-९००’ एवढंच लिहिलेलं असतं, मग आतलं ए३५० कोणतं ते कसं ओळखायचं? त्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) विकायला आहे का ते बघा. असेल तर लांब पल्ल्याचं, बिझनेसच्या ४२ सीट. नसेल तर मध्यम पल्ल्याचं, ४० सीट. एवढं करूनही ऐनवेळी विमान बदलू शकतं, आणि मग घासाघीस करून घेतलेली पहिली ओळ जाऊन भलतीच सीट हाती येते. चेक-इन ४८ तास आधी उघडलं की नकाशा पुन्हा एकदा तपासा. विमान बदललं असेल तर पहिल्या तासात चांगली सीट मिळते, नंतर उरलंसुरलं.

खाण्याकडे वळू. ‘बुक द कुक’ म्हणून सोय आहे, त्यात सुटण्याच्या किमान २४ तास आधी ठरावीक यादीतून मुख्य पदार्थ निवडून ठेवता येतो. सिंगापूरहून निघताना ही यादी लांबलचक असते, लॉब्स्टर थर्मिडॉरपासून हैनानी चिकन राइसपर्यंत. विमानात पुन्हा गरम केल्यावर काय टिकतं याचा विचार करून निवडा. रस्सा, ग्रेव्ही, वाफवलेलं हे टिकतं. स्टेक आणि तळलेलं टिकत नाही: स्टेक हवा त्याहून जास्त शिजतो आणि तळलेल्याचा कुरकुरीतपणा ओव्हनमधल्या वाफेत जातो. उंचावर कोरड्या हवेत जिभेला मीठ आणि गोड कमी लागतं, म्हणून खमंग, आंबट-तिखट पदार्थ तिथे उजवे ठरतात. आपल्या पद्धतीचं जेवण याच कारणाने विमानात बरं लागतं.

शाकाहारींनी इथे सांभाळून पाऊल टाकावं. बुकिंगला विशेष जेवण नोंदवायचे कोड असतात. व्हीजेएमएल हा कोड जैन जेवणाचा आहे, त्यात कांदा-लसूण आणि कंदमुळं नसतात. साधं भारतीय शाकाहारी हवं असेल तर एव्हीएमएल. कंपनीचं ट्रॅव्हल डेस्क बरेचदा ‘व्हेज’ ऐकून पहिला दिसेल तो कोड टाकून मोकळं होतं. आणि विशेष जेवण नोंदवलं की मेन्यूतल्या बाकीच्या पदार्थांवर तुमचा हक्क राहत नाही. उरलं तर देतील. मेन्यूत भारतीय शाकाहारी पर्याय असतोच, तेव्हा जैन किंवा पथ्याचं खाणारे सोडून बाकीच्यांनी कोड न टाकता मेन्यूतूनच मागितलेलं चांगलं.

झोप निवडलीत तर पोटोबाची सोय जमिनीवर करायची. चांगीच्या टर्मिनल ३ मधला कंपनीचा सिल्व्हरक्रिस लाउंज मोठा आहे आणि शॉवर आहेत. संध्याकाळी युरोप, ऑस्ट्रेलिया, भारत अशी सगळीकडची गर्दी एकदम येते, म्हणून आत शिरताच आधी शॉवरसाठी नाव नोंदवा आणि मग ताट घ्या. उलटं केलंत तर जेवून वाट बघत बसाल. नूडल्स आणि लक्सा (नारळाच्या दुधातलं तिखट नूडल-सूप) यांच्या काउंटरला हात सैल सोडा, बाकी बुफे ठीकठाक.

चांगीची एक गोष्ट नव्या माणसाला हमखास फसवते. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी इमिग्रेशनपाशी नसते, ती थेट गेटवर होते. लाउंजमधून भरलेली पाण्याची बाटली गेटवर ओतून टाकावी लागते. बिझनेसचं प्राधान्य चढताना उपयोगी पडतं, पण तपासणीची रांग बहुधा सगळ्यांना सारखीच. शिवाय अनेक गेटांच्या आत गेल्यावर स्वच्छतागृह नसतं. सुटण्याच्या ४५-५० मिनिटं आधी गेटवर पोचा. टर्मिनल मोठं आहे, टर्मिनलांमधल्या स्कायट्रेनने जायचं असेल तर आणखी दहा मिनिटं धरा.

खरेदी केली असेल तर सिंगापूरचा जीएसटी २०२४ पासून ९ टक्के आहे आणि पाहुण्यांना तो परत मागता येतो, खरेदी किमान १०० सिंगापूर डॉलरची हवी. वस्तू मोठ्या बॅगेत टाकणार असाल तर परताव्याचं मशीन चेक-इनच्या आधी गाठा. बॅग पट्ट्यावर गेल्यावर वस्तू दाखवा म्हटलं तर दाखवणार काय?

सामानाला बिझनेसमध्ये ४० किलो, शिवाय हातात सात-सात किलोच्या दोन बॅगा. ए३८० च्या वरच्या मजल्यावर भिंत आत वळलेली असल्यामुळे खिडकीकडचे वरचे कप्पे लहान असतात. कडक कवचाची ट्रॉली मधल्या कप्प्यात टाका.

काम करायचं असेल तर वाय-फाय फुकट आहे. जुलै २०२३ पासून क्रिसफ्लायर या कंपनीच्या माइल्स योजनेच्या सदस्यांना सगळ्या वर्गांत अमर्याद मिळतं, मात्र सदस्य क्रमांक बुकिंगला जोडलेला हवा. ई-मेल आणि चॅट व्यवस्थित चालतं, भल्यामोठ्या प्रेझेंटेशनची फाइल चढवायची असेल तर ती लाउंजमधूनच पाठवा. बंगालच्या उपसागरावर हे विमान नेहमी थोडंफार हलतं, पावसाळ्यात जास्त, तेव्हा लॅपटॉपशेजारी भरलेला ग्लास ठेवू नका. लॅपटॉप-फोन सीटच्या सॉकेटवरच चार्ज करा, कारण १ एप्रिल २०२५ पासून या कंपनीच्या विमानात पॉवर बँक वापरायला आणि चार्ज करायला दोन्हीला बंदी आहे. आणि फोन सीटच्या फटीत पडला तर सीट अजिबात हलवू नका. चेपलेली बॅटरी पेट घेते. क्रूला बोलवा, त्यांना काढायची रीत माहीत असते.

पैशांचं थोडक्यात. ‘लाइट’, ‘स्टँडर्ड’, ‘फ्लेक्सी’ अशा तीन दरांत सीट आणि जेवण तेच असतं, फरक पडतो तारीख बदलण्यात, तिकीट रद्द करण्यात आणि माइल्समध्ये. मीटिंग लांबण्याची शक्यता असलेल्यासाठी लाइट काढणं ही ट्रॅव्हल डेस्कची खोटी काटकसर आहे. भारतात काढलेल्या इकॉनॉमीखेरीज वरच्या वर्गांच्या तिकिटावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला. कंपनीचा जीएसटी क्रमांक बुकिंग करतानाच टाका, नंतर बिलावर चढवून घेताना नाकी नऊ येतात. आणि एक सरळ सांगायचं तर, सकाळच्या विमानाला, काम संपलेलं असताना, स्वतःच्या खिशातून हा दर भरू नये. लांब पल्ल्याच्या विमानात प्रीमियम इकॉनॉमी मिळत असेल तर ती पुरे.

मुंबईत शेवटचा अर्धा तास हाती नसतो. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी जवळजवळ एकीवरच भार असतो आणि रात्री विमानांना घिरट्या घालाव्या लागतात. ए३८० वरून बिझनेसवाले वरच्या दारातून आधी उतरतात. ही आघाडी इमिग्रेशनला टिकवायची असेल तर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’साठी आधीच ऑनलाइन नाव नोंदवून बोटांचे ठसे देऊन ठेवा. मुंबईत ही सोय जानेवारी २०२५ पासून आहे, भारतीय पासपोर्टधारकांना फुकट, आणि ई-गेटमधून पासपोर्ट टेकवून बाहेर पडता येतं. पट्ट्यावर ‘प्रायॉरिटी’ टॅगच्या बॅगा आधी येतात, पण ४७१ सीटांच्या विमानात एखादी मागे राहतेच, तेव्हा हातातल्या दोन बॅगांत भागत असेल तर मोठी बॅग नकोच.

बाहेर मेट्रो ३ चं स्थानक टर्मिनल २ लाच आहे, मात्र शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते. दहाला उतरणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये. पुण्याला जाणाऱ्याला पुढे तीन-चार तासांची गाडी आहेच. त्याने विमानात जेवणाला नाही म्हणून झोपावं आणि टॅक्सी आधी ठरवताना विमानाचा क्रमांकही देऊन ठेवावा, म्हणजे घिरट्यांत गेलेल्या वेळेचं वेटिंग चार्ज मागायला ड्रायव्हरला तोंड राहत नाही.