आखात की युरोप? द्राक्षाचा पहिला कंटेनर पाठवण्याआधी

नाशिकच्या निफाड-दिंडोरी द्राक्षपट्ट्यात शेतकरी उत्पादक कंपनी किंवा लहानसं पॅकहाउस चालवणाऱ्यांपुढे हंगामाच्या तोंडावर हा प्रश्न येतोच. यंदा स्वतःच्या नावावर माल काढायचा, तर दुबईला की नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराला? बैठकीत चर्चा दराची होते. निर्णय मात्र संचालक मंडळ कशाला घाबरतं यावर ठरतो, आणि बहुतेक वेळा कौल आखाताच्या बाजूने पडतो.

कारण उघड आहे. न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज आठवड्याभरात लागतं. दुबईच्या अल अवीर बाजारात हिंदी चालते, आपल्या भागातलं कुणीतरी तिथे असतंच. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले यान योहान्सन आणि यान-एरिक वाल्ने यांनी 1977 मध्ये तिथल्या कंपन्या पाहून हेच मांडलं होतं: बाहेर पडणारी कंपनी आधी ओळखीच्या वाटणाऱ्या देशात जाते, तिथे सरावते, मग लांबच्या. निरीक्षण बरोबरच आहे. पण ओळखीचा बाजार म्हणजे बिनधोक बाजार, असं आपण त्याला परस्पर जोडून टाकतो. युरोपची जोखीम माल निघण्याआधी दिसते. आखाताची दिसते ती माल विकून झाल्यावर.

युरोपचं आधी घेऊ. प्लॉटची कृषी विभागाकडे नोंदणी, अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर त्याचा माग, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रेसिड्यू म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशांची तपासणी, ग्लोबलगॅप हे शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र, फायटो म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला. यातला एक कागद अडला तरी कंटेनर हलत नाही. नवख्या माणसाला हा छळ वाटतो. पण यात एक गोष्ट चांगली आहे: प्लॉट नापास झाला तर माल अजून वेलीवर असतो. तो देशी बाजारात विकता येतो, बेदाण्याला टाकता येतो.

अर्थात ही चाळणीही फसू शकते. 2010 मध्ये युरोपच्या बंदरांवर भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले ते क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणून ओळखतात. छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला ते वापरलं जायचं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते तेव्हा नव्हतंच, त्यामुळे इथे पास झालेला माल तिथे नापास झाला. त्या तडाख्यात नाशिकचे द्राक्ष निर्यातदार विलास शिंदेही सापडले होते. त्यांनी युरोप सोडला नाही. आज त्यांची सह्याद्री फार्म्स देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते. त्याच वर्षावर बोट ठेवून ‘युरोप नको रे बाबा’ म्हणणारेही नाशकात भेटतात. घटना एकच, पण एकाला ती तपासणीतली खोट वाटली, दुसऱ्याला बाजारातली.

आता आखात. तिथे माल बऱ्याचदा कन्साइनमेंटवर जातो, म्हणजे दर आधी ठरत नाही. माल विकला की हिशेबाची पट्टी येते. पट्टी नीट वाचायला शिका. वर विक्रीचा आकडा असतो, खाली कमिशन, कोल्ड स्टोरेज, उतराई, बाजार शुल्क, आणि शेवटी एक ओळ: मणीगळ झाली, काड्या सुकल्या, म्हणून इतके बॉक्स पडत्या दराने गेले. ती ओळ खरी की खोटी, हे पिंपळगावात बसून कळणार नाही. युरोपचा ग्राहकही क्लेम लावतो, पण पनेट (द्राक्षाचे छोटे प्लास्टिकचे डबे) उघडून काढलेले फोटो आणि तापमानाच्या नोंदींसह. भांडायला काहीतरी हातात असतं.

‘ईसीजीसीचा (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा आहे ना,’ असं म्हणून सुटका होत नाही. खरेदीदाराचं दिवाळं निघालं किंवा त्याने पैसे थकवले, तर तो उपयोगी पडतो. मालाच्या गुणवत्तेवरून वाद झाला की साधारणपणे तो हात वर करतो. आणि द्राक्षात वाद गुणवत्तेचाच होतो.

युरोपची न टळणारी जोखीम म्हणजे वेळ. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. द्राक्षाला दोन आठवडे म्हणजे हिरव्या काडीची तपकिरी काडी. इथे आखाताची सरशी आहे, वाद नाही.

1987 मध्ये जेम्स मार्च आणि झूर शपिरा यांनी व्यवस्थापक जोखमीकडे कसं बघतात यावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की माणसं शक्यतांची सरासरी काढत बसत नाहीत. सगळं फिसकटलं तर किती जाईल, एवढंच बघतात. मला यात चूक काही दिसत नाही. लहान कंपनीने तेच बघावं, फक्त आकडा मांडून. समजा एका कंटेनरात 13 टन माल आहे आणि शेतकऱ्याला किलोला 80 रुपये कबूल केलेत. नुसत्या मालाचे 10 लाख 40 हजार झाले. पॅकिंग, वाहतूक, जहाजभाडं वेगळं. कंटेनर बुडाला तरी शेतकऱ्याचे पैसे द्यावे लागणार. तुमच्या भागभांडवलातून असे किती कंटेनर भरून निघतील? उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर दोन्ही बाजार सध्या तुमचे नाहीत. एक हंगाम प्रस्थापित निर्यातदाराला माल द्या आणि त्याच्या पॅकहाउसमध्ये आपला माणूस उभा करा.

एक-दोन भरून निघत असतील, सभासदांच्या फवारणीच्या वह्या खरोखर भरलेल्या असतील, तर मी युरोप म्हणेन, तोही मिनिमम गॅरंटी दर लेखी देणाऱ्या ग्राहकाबरोबर. वह्या हंगामाच्या शेवटी एका बैठकीत भरल्या जात असतील (जातात, आपण सगळे जाणतो), तर तूर्त युरोपचं नाव काढू नका.

आखातच घ्यायचं असेल, तर काही रक्कम आगाऊ घ्या, माल उतरताना तुमच्या ओळखीचा एक माणूस तिथे हजर ठेवा, आणि पहिल्या कंटेनरचे पैसे बँकेत जमा होईपर्यंत दुसरा भरू नका. त्यावर ग्राहक रुसला, तर त्याच्याकडे पैसे कुठून येतात हे तुम्हाला हंगामाच्या सुरुवातीलाच कळेल.