ईकोला जोडलेली कापडी पडवी

आमच्या मारुती ईकोत मागची आसने काढून दोघांच्या झोपेची सोय झाली होती, पण स्टोव्ह मांडायला आणि कपडे बदलायला जागा नव्हती. म्हणून हवा भरून उभा राहणारा, गाडीला जोडता येणारा आणि गाडी निघून गेली तरी जागेवरच राहणारा तंबू, ज्याला दुकानात ‘ड्राइव्ह-अवे ऑनिंग’ म्हणतात, आम्ही मुंबईतून विकत घेतला आणि नोव्हेंबरात भाईंदरजवळ समुद्रकाठच्या उत्तनला ओळखीच्या वाडीत तीन रात्री वापरला.

तंबू उभारणे सोपे आहे. मागचे दोन कोपरे खुंट्यांनी अडकवून नळ्यांत हातपंपाने ७ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) इतकी हवा भरायची. आम्हा दोघांना वीस मिनिटे पुरली. दुपारच्या उन्हात हवा प्रसरण पावते, तेव्हा थोडी सोडावी लागते. बरोबर आलेल्या बारीक खुंट्या मात्र वाळूत टिकेनात; शेवटी तांदळाच्या रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून त्या पुरल्या आणि त्यांना दोऱ्या बांधल्या.

खरे कौशल्य लागते ते गाडी आणि तंबू यांच्यामधला कापडी बोळ जोडताना. गाडीच्या छताला रेल, म्हणजे कापडाची कड अडकवायची लांब खाच असेल, तर रेल आणि बोळाची कड यांना इंग्रजी आठच्या आकाराची पट्टी सरकवून सांधतात. कडेतली दोरी ६ मिमीची आणि रेल ४ मिमीची असेल, तर पट्टीच्या दोन बाजूही तशाच वेगवेगळ्या लागतात. आमच्या गाडीला रेल नाही, हे सांगूनही दुकानदाराने पट्टीच दिली. छतावरून टाकायचे पट्टे आम्हाला नंतर वेगळे घ्यावे लागले. या बोळाला १८० ते २१० सेंमी उंचीची गाडी चालते आणि ईको जेमतेम खालच्या मर्यादेवर बसते, त्यामुळे कापडाला झोळ पडला. पहाटे त्यात साचलेले ओंजळभर दव दार सरकवताच माझ्या मानेवर आले.

वारा समुद्राकडून येणार हे धरून आम्ही गाडीचे नाक दक्षिणेकडे ठेवले, म्हणजे डावे दार पूर्वेला आले आणि तंबू गाडीच्या आडोशाला राहिला. ही युक्ती माहितीपुस्तिकेत नाही. परतल्यावर गाडी नेमकी कुठे थांबवायची, याबद्दलही त्यात एक ओळ नाही. बहिणीला भाईंदर स्टेशनवरून आणताना पट्टे सोडून तंबूची चेन लावायला चार मिनिटे लागली, परंतु परत आल्यावर गाडी वीतभर लांब राहिली आणि बोळाची चेन मिटेना. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांशी खुणेसाठी अर्धी अर्धी वीट ठेवली, तेव्हा कुठे पहिल्याच फेरीत जमले.

कापड मात्र उत्तम आहे. तीन दिवसांच्या खाऱ्या वाऱ्यात एकही शिवण उसवली नाही. घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन, सेक्रेटरींची परवानगी काढून बोरिवलीच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातले. दोन दिवसांनी बोळाच्या दुहेरी कडा तेवढ्या दमट होत्या. बुरशीच्या धास्तीने त्या आणखी एक दिवस उन्हात ठेवल्या.