गाडीचा प्रीमियम का वाढला, ते मला चोराने समजावून सांगितलं

१३,४१८ रुपयांचा प्रीमियम यंदा थेट १७,५१२. गाडी तीच, कंपनी तीच, उलट गाडी एका वर्षाने जुनी झालेली. रिन्यूअलच्या नोटिशीत नुसता आकडा. का वाढला, यावर अवाक्षर नाही. ते 'का' मला एका फोनवाल्याने पुरवलं आणि त्यापायी माझे ८९,९६८ रुपये गेले.

जून २०२४ ची गोष्ट. पॉलिसी १८ तारखेच्या मध्यरात्री संपणार होती. मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. २० तारखेला जीएसटीचा ३बी, म्हणजे मासिक रिटर्न, भरायचा असतो, तेव्हा त्या आठवड्यात डोकं कुठे असतं ते या लाइनमधल्यांना सांगायला नको. फोन नेमका तेव्हाच आला. गाडीचा नंबर, एक्स्पायरी, जुनी कंपनी, इतकंच काय १७,५१२ हा आकडासुद्धा त्याला तोंडपाठ. हा डेटा कुठून बाहेर जातो ते तुम्हालाही ठाऊक आहे.

"सर, यंदा सरकारने थर्ड पार्टी वाढवलीय ना, म्हणून सगळ्यांचंच वाढलंय. मी तुम्हाला दुसऱ्या कंपनीत ११,९०० मध्ये करून देतो, झिरो डेपसकट." (झिरो डेप म्हणजे भरपाईतून पार्ट्सचा घसारा न कापणारं जादा कव्हर.)

धादांत खोटं. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचे, दर कंपनी ठरवतच नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे दर होते, आणि २०२४ च्या जूनमध्येही तेच. माझी गाडी ११९७ सीसी, म्हणजे दोन्ही वर्षी ३,४१६. पैशाचाही फरक नाही. किती गाडीवाल्यांना हे पाठ असतं? मला नव्हतं.

खरं कारण डिसेंबर २०२३ मध्ये होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दार खांबाला घासलं आणि मी १४,२०० रुपयांचा क्लेम घेतला. ४५ टक्क्यांपर्यंत चढलेला एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी 'नो क्लेम बोनस'ची सूट, त्या एका क्लेमने शून्यावर आला. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हिस्सा ४,७३० वरून ८,२०० झाला, त्यावर १८ टक्के जीएसटी, की झाली सगळी वाढ. दोन ओळींत सांगता येण्यासारखी गोष्ट. कंपनीने त्या दोन ओळी नोटिशीत छापल्या असत्या तर या माणसाला माझ्याकडे शिरायला फटच नव्हती. (डेंट-पेंटचं किरकोळ काम असेल तर आधी हिशेब करा. २०, २५, ३५, ४५, ५० अशी पायरी पायरीने चढलेली शिडी एका दारासाठी उतरावी लागते.)

मी त्याला क्लेमचं सांगितलं होतं. लपवलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे प्रत्येकाने मलाच लबाड ठरवलं. तो म्हणाला, "छोटा क्लेम आहे सर, एनसीबी प्रोटेक्टमध्ये कव्हर होतो." एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन, म्हणजे क्लेम घेऊनही एनसीबी टिकवणारं जादा कव्हर, खरंच असतं, त्यामुळे ऐकायला पटलं. फक्त ते आधीच्या पॉलिसीत घेतलेलं असावं लागतं आणि मी ते घेतलेलं नव्हतं. क्यूआर कोड पाठवला, तर त्यावर कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर "आमचे अकाउंटंट आहेत, सर." पैसे गेले. विम्याचा प्रीमियम माणसाच्या नावावर कधीही भरू नका. कंपनीची साइट नाहीतर कंपनीच्या नावाचा चेक, तिसरा रस्ता नाही.

अर्ध्या तासात पीडीएफ आली. एम-परिवहन या सरकारी ॲपवर बघितलं तर विमा दिसत होता, कंपनी बरोबर, तारीख बरोबर. म्हटलं, काम झालं. पॉलिसी बनावट असती तर तिथे सापडली असती. ती खरी होती, खोटा होता तो तिच्यातला मजकूर. ॲप फक्त विमा आहे एवढंच सांगतं, आत काय भरलंय ते सांगत नाही.

आता त्या पीडीएफचं पहिलं पान. हे पान मी नंतर इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटून लिहू शकतो. ओन डॅमेजमधून एनसीबी ५० टक्के, ३,३२० वजा. थर्ड पार्टी ३,४१६. पीए कव्हर (मालक-चालकाचा अपघात विमा) ३२५. झिरो डेप ३,५६८. एकूण १०,६२९. त्याखाली सीजीएसटी ६३५.४९, एसजीएसटी ६३५.४९. बेरीज ११,९००. आता १०,६२९ वर १८ टक्के काढा. १,९१३ येतात. पानावर होते १,२७१, म्हणजे जेमतेम १२ टक्के. कराचे हे आकडे ७,०६१ रुपयांवरचे होते. त्याने कंपनीत झिरो डेपशिवायची ८,३३२ ची पॉलिसी काढली, पीडीएफमध्ये झिरो डेपची एक ओळ आणि बेरजा बदलल्या आणि मधले ३,५६८ खिशात घातले. कराच्या ओळी बदलायचा त्याला कंटाळा आला असावा. आणि मी, दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवरचा जीएसटी तपासून परत पाठवणारा माणूस, त्या ओळीवरून नजर फिरवून ३बीकडे वळलो. ऑफिसात हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्याच पानावर माझ्या नावाखाली मोबाइल नंबर होता, मधले आकडे फुल्या मारून झाकलेले. शेवटचे दोन आकडे माझे नव्हते. कंपनीचा एकही एसएमएस मला का आला नाही, त्याचं उत्तर तिथे होतं. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तीसुद्धा ४,२०,००० ऐवजी ३,४०,०००. प्रीमियम स्वस्त दिसतो तेव्हा निम्म्या वेळा आयडीव्हीच खाली ओढलेली असते. दोन कोटेशनं ताडून बघताना पहिली नजर तिथे टाका.

सप्टेंबरमध्ये नवले पुलाच्या उतारावर, पावसात, एका दुचाकीवाल्याला वाचवायला गेलो आणि गाडी कठड्यावर गेली. बिल ८६,४००. क्लेम टाकला. नव्या कंपनीने जुन्या कंपनीला विचारलं, डिसेंबरचा क्लेम बाहेर आला आणि पत्र आलं की एनसीबी खोटा सांगितल्यामुळे ओन डॅमेजचे सर्व फायदे रद्द. तशी अट प्रपोजलच्या घोषणापत्रात असते हे खरं. पण एनसीबी दिल्यावर २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीला लेखी विचारून खातरजमा करायची, हीही तरतूद मोटर टॅरिफच्या नियमांत आहे. ती जूनमध्ये कुणाला आठवली नाही. पैसे घेताना माझ्या शब्दावर विश्वास, द्यायची वेळ आली की चौकशी!

शाखेत गेलो. मॅडम म्हणाल्या, "पॉलिसी वेबसाइटवरून थेट घेतलीय. आमच्या रेकॉर्डला एजंटच नाही." मग तो मोबाइल नंबर कुणाचा? "तो तुम्हीच दिला असणार ना!"

पोलीस चौकीत हवालदाराने पीडीएफ खाली-वर केली. "पॉलिसी खरी आहे ना? मग फसवणूक कसली?" ३,५६८ चं सांगितलं तर म्हणे, एवढ्यासाठी गुन्हा नोंदवायचा? ८६,४०० चं सांगितलं तर म्हणे, ते कंपनीने नाकारले, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, हद्द तुमच्या पोलीस स्टेशनची. परत चौकीत आलो तर साहेब बंदोबस्ताला, गणपतीचे दिवस. शेवटी जे साहेब भेटले त्यांनी शांतपणे विचारलं, "कमी प्रीमियमचा फायदा तुम्हालाच झाला ना?" संताप म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. ज्याने पैसे खाल्ले त्याचा नंबर, त्याचा क्यूआर, खात्यावरचं नाव, सगळं छापून समोर ठेवलं होतं. त्यांनी अर्जावर 'प्राप्त' असा शिक्का मारला, एवढंच.

पैसे गेल्या गेल्या कळलं असतं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून ते अडवता येण्याची शक्यता असते. माझ्यासारखं तीन महिन्यांनी कळलं तर तो नंबर कामाचा नाही.

सध्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलंय, पोच घेतलीय. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, पुण्यात कार्यालय आहे. माझा मुद्दा तोच राहणार, २१ दिवसांचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकलीय.

तुमची पॉलिसी फोनवरून कुणी काढून दिली असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफवर जाऊ नका. कंपनीच्या कस्टमर केअरला स्वतः फोन लावा. पॉलिसी नंबर सांगून चार गोष्टी विचारा: प्रीमियम किती मिळाला, एनसीबी किती टक्के लावलाय, झिरो डेप आहे का, आणि मोबाइल नंबर कुणाचा आहे. एनसीबी चुकीचा निघाला तर क्लेमच्या आधीच फरक भरून दुरुस्त करून मागा, लेखी. क्लेमनंतर ते दार बंद.