जुन्या लॅपटॉपवर अँटीएक्स २३: हलकं आहे, पण आधी तयारी करा

दोन जीबी रॅमचा लॅपटॉप कपाटात पडून असेल तर त्यावर अँटीएक्स २३ ही विंडोजऐवजी वापरता येणारी हलकी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम नीट चालते. पाया डेबियन १२ या लिनक्सचा, विंडो मॅनेजर (खिडक्या आणि मेनू दाखवणारा प्रोग्रॅम) आइसडब्ल्यूएम. काहीही न उघडता ती साधारण दोनशे-अडीचशे एमबी रॅम खाते. ‘फुल’ आवृत्तीला डिस्कवर किमान ७ जीबी जागा लागते, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस त्यातच येतं. नवशिके अडतात ते इन्स्टॉलच्या आधी.

पहिल्यांदा प्रोसेसर बघा. विंडोजच्या ‘अबाउट’मध्ये ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ असं दिसलं, तर विंडोज ३२-बिट आहे, मशीन ६४-बिट. मग ६४-बिटचीच आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवा. खरोखरच ३२-बिट मशीनवर ती टाकली तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) ‘एक्स८६-६४ सीपीयू हवा’ म्हणून तिथेच थांबतो. ३२-बिटची आयएसओ मिळते, पण फायरफॉक्सने ३२-बिट लिनक्सची साथ १४४ व्या आवृत्तीनंतर सोडली आहे. ब्राउझरच जुना राहणार असेल तर अशा मशीनवर फार मेहनत घेऊ नका.

पेनड्राइव्ह दोन ठेवा, हे कुणी आधी सांगत नाही. विंडोजमधून रूफस या प्रोग्रॅमने डीडी मोडमध्ये (आयएसओ जशीच्या तशी उतरवून) लिहिलेला पेनड्राइव्ह फक्त वाचता येतो. त्यावरून चालवताना वायफायचा पासवर्ड टाकला, प्रोग्रॅम घातले, तरी बंद केल्यावर सगळं पुसलं जातं. म्हणून पहिल्यावरून बूट करा, आतलं ‘लाइव्ह यूएसबी मेकर’ उघडा आणि ८ जीबीच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर ‘फुल फीचर्ड’ पर्याय निवडून लिहा. मग बूट मेनूत पर्सिस्टन्स, म्हणजे केलेले बदल टिकवण्याची सोय, चालू करता येतो. रॅम कमी असेल तर ‘पर्सिस्ट स्टॅटिक’ घ्या, कारण तो बदल थेट पेनड्राइव्हवर लिहितो. ‘पर्सिस्ट रूट’ ते बदल रॅममध्ये धरून ठेवतो, आणि रॅमच तर नाहीये.

विंडोज ८ किंवा नंतरचं मशीन असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली सिस्टिम अडवणारी सोय, बंद करावं लागतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं आणि फाइल सेव्ह का होत नाही हे शोधत बसाल.

लाइव्ह सेशनमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवताना) युजर ‘डेमो’, पासवर्ड ‘डेमो’. रूटचा (सर्वाधिकारी युजरचा) पासवर्ड ‘रूट’. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पासवर्ड टाइप करताना ठिपकासुद्धा दिसत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. टाइप करा, एंटर मारा.

आता नवशिक्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. अँटीएक्समध्ये सिस्टिमडी (बऱ्याच लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) नाही, त्यामुळे इंटरनेटवरच्या उबुंटूच्या ‘सिस्टिमसीटीएल’वाल्या कमांड इथे चालत नाहीत आणि स्नॅपही (उबुंटूची प्रोग्रॅम घालायची पद्धत) चालत नाही. सिसव्ही (सिस्टिमडीऐवजी जुनी पद्धत वापरणाऱ्या) आवृत्तीत ‘सर्व्हिस’ ही कमांड वापरा, आणि शोधताना नेहमी ‘डेबियन १२’ असंच शोधा. पॅकेजची यादी अपडेट न करता थेट प्रोग्रॅम इन्स्टॉल केला की ४०४ (फाइल सापडली नाही) येतो, कारण ती यादी जुनी असते.

ब्रॉडकॉम कंपनीचं जुनं वायफाय कार्ड असेल तर पहिल्या दिवशी वायफाय दिसेलच असं नाही. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. तो वायर्ड नेटवर्क म्हणून दिसतो आणि ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो.

हलकी आहे ती सिस्टिम, यूट्यूब नव्हे. दोन जीबीत चार टॅब उघडले की अँटीएक्सही धापा टाकतं. चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर मिंट या दुसऱ्या लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, अँटीएक्सचे ओबडधोबड मेनू सोसायचं कारण नाही. दोन किंवा त्याखाली मात्र आमची पसंती अँटीएक्सच, पाचपैकी चार गुण.

मराठी पानांवर अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर सिनॅप्टिकमध्ये (प्रोग्रॅम घालायच्या साधनात) ‘लोहित देवा’ शोधा, फॉन्ट घाला आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.