एडिसनमधली ओसीआय एजंट: सल्ला झकास, काम ढिलं

अमेरिकन सिटिझनशिपची शपथ झाल्यावर ओसीआयसाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, आजीवन व्हिसासारखं कार्ड) इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या, एका देसी एजंटकडे गेलो, नाव नाही लिहीत. बाई हुशार, पहिलंच वाक्य, आधी भारतीय पासपोर्ट सरेंडर करा मग ओसीआयचं बघू, भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. आईला टेन्शन साताऱ्याच्या शेतीचं, तर म्हणे वारशाने आली तर ठेवता येते, नवीन विकत मात्र घेता येत नाही, फ्लॅट चालतो. मतदान गेलंच म्हणा. पण फोटो लागतो 2 बाय 2 इंच चौकोनी आणि यांनी माझा भारतातला जुना उभा फोटो स्कॅन करून लावला, अर्ज लटकला, तीन आठवडे गेले, वर दुरुस्तीचे 40 डॉलर मागतात! फॉर्म तर ऑनलाइन आपणच भरू शकतो की. तीन स्टार, तेही शेतीवाल्या उत्तरासाठी.