वाई-मेणवली की पळशी? थंडीत वाडे बघायला निघताना

पुण्याहून पहाटे निघून रात्री परत यायचं, जुना वाडा नीट बघायचा आणि त्याच्या भोवतीचं गावही निवांत हिंडायचं, असा बेत केला की फिरून फिरून दोन नावांवर गाडी येते. एक वाई आणि तिला लागून असलेलं मेणवली, दुसरं पारनेर तालुक्यातलं पळशी. दोन्हीकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच जावं. पांढऱ्या मातीच्या भिंती पावसाळाभर पाणी पितात आणि दिवाळीपर्यंत आतून ओल्याच असतात. मार्गशीर्षात त्या सुकतात, चौकातलं गवत वाळतं, तेव्हा पाय कुठे ठेवतोय ते दिसतं.

सोयीच्या बाबतीत वाईशी पळशीची बरोबरीच नाही. महामार्गावर सुरूरला वळलं की थोड्या वेळात वाई. एसटी भरपूर, जेवायला हवं ते, राहायलाही जागा. मेणवली तिथून तीनेक किलोमीटर, थंडीत चालत जाण्यासारखं. पळशीला आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याने टाकळी ढोकेश्वर गाठायचं आणि तिथून उत्तरेला आत वळायचं. स्वतःचं वाहन हवंच, कारण एसटी चुकली तर दिवस गेला. पाणी आणि खाणं टाकळीलाच घेऊन ठेवावं. गावात चहा मिळेल, जेवणाच्या भरवशावर राहू नये. घरातली मोठी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर पुढचं न वाचता वाईला जावं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता बघायचं काय ते. मेणवली हे गाव नाना फडणवीसांना १७६८ मध्ये इनाम मिळालं. त्यांचा वाडा सहा चौकी आहे, आत भित्तिचित्रं आहेत आणि मागे कृष्णेवरचा घाट. घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली घंटा वसईची. १७३९ च्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांच्या ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. खाली वाकून, बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाकला तर आकृती उठून दिसते. समोरून टाकला तर नुसतं धातूचं चमकणं दिसतं. वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याच्या पुढच्या गर्दीपेक्षा मागची बाजू बघावी. नदीच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केली आहे. मूर्तीचं दर्शन घेऊन परतणारे बहुतेक लोक ही भिंत न बघताच जातात.

पळशीची गोष्ट वेगळी. हे होळकरांचे दिवाण पळशीकर यांचं गाव, आणि अख्खं गावच तटाच्या आत आहे. वेशीतून आत शिरलं की डाव्या-उजव्या हाताला माणसं राहत असलेली घरं लागतात. काही माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, बरीचशी आता पत्र्याची. वाड्यातलं लाकूडकाम मात्र बघत राहावं असं. तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, उभे खांब, वर हस्त म्हणजे आधाराचे लाकडी हात, त्यांना लोंबणारी लाकडात कोरलेली केळफुलं, त्यावर तुळया. तटाबाहेर विठ्ठलाचं दगडी देऊळ आहे, तेही कोरीव. परतताना टाकळी ढोकेश्वरची लेणी होतात. निघोजचे रांजणखळगे (नदीच्या खडकातले रांजणासारखे खड्डे) त्याच दिवसात कोंबायचा मोह होतो. तो टाळावा, दिशाही वेगळी आणि वेळही.

उजेडाचं गणित दोन्हीकडे सारखंच, पण ते माहीत नसेल तर हिरमोड होतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच चढतो. चौकाची दक्षिणेकडची बाजू वीस फूट उंच असेल तर तिची सावली सतरा फूट पुढे पडते. म्हणजे फरशी बहुतेक वेळ सावलीतच, आणि ऊन पोचतं ते उत्तरेकडच्या सोप्याच्या (चौकाकडे उघड्या पडवीच्या) खांबांवर, तेही साधारण साडेअकरा ते दोन या वेळात. कोरीव काम बघायचं असेल तर ही वेळ वाड्यासाठी राखून ठेवावी. सकाळ घाटाला, तटाला, वेशीला द्यावी. सकाळी आठला वाड्यात शिरून ‘अंधारच आहे सगळा’ म्हणत बाहेर पडणारे बरेच असतात.

जिन्यांविषयीही थोडं. जुन्या वाड्यात जिना बऱ्याचदा भिंतीच्या जाडीतूनच वर चढवलेला असतो. पायऱ्या उंच, अरुंद, वळणावर कोनासारख्या निमुळत्या. वर जायच्या आधी खालून छत बघावं. पावसाळ्यातल्या ओलीचे डाग, पांढरट ओघळ किंवा बाकदार झालेली कडी (छत पेलणारं आडवं लाकूड) दिसली तर वरच्या मजल्याचा नाद सोडावा. कडेकडेने चाललं की धोका नाही, हा समज अर्धाच खरा आहे, कारण कडीचं जे टोक भिंतीत शिरतं तेच ओलीने आधी कुजतं. खांबांचंही तसंच. वाळवी लागते ती तळखड्याजवळ, आणि ती वरची साल शाबूत ठेवून आतला गाभा खाते. बोटाच्या पेराने ठोकून बघावं. चांगलं सागवान खणखणतं, पोखरलेलं भद्द वाजतं. कमानीत किंवा सज्जाखाली आग्या मोहोळ आहे का, हे आत पाऊल टाकण्याआधी बघायचं. अत्तर लावून जाऊ नये आणि धूर तर अजिबात नको. थंडीत साप सुस्त असतात खरे, पण सकाळी उन्हाला आलेले दगड त्यांनाही आवडतात. ढासळलेल्या भिंतीवर हात टेकवण्याआधी डोळे टेकवावेत.

इथपर्यंत पारडं वाईकडेच झुकतं. मला ते उलटं वाटायला लागलं एका क्षुल्लक गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट म्हणजे प्री-वेडिंग.

मेणवलीचा घाट सिनेमावाल्यांनी आधीच सगळ्यांच्या ओळखीचा करून ठेवला होता. आता थंडीतल्या कुठल्याही शनिवार-रविवारी पायऱ्यांवर तीन-चार जोडपी, प्रत्येकाबरोबर पाच-सहा माणसांचा ताफा. एक जण पाच हात लांबीचा घोळदार झगा पायऱ्यांवर पसरतो, दुसरा परावर्तक धरतो, तिसरा रंगीत धुराची नळकांडी पेटवतो. वर ड्रोनची भुणभुण. घंटेच्या देवळापाशी तुम्ही दोन मिनिटं उभे राहिलात की मागून नम्र आवाज येतो, “काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.” मुलं गोड असतात, भांडायला कारणच नसतं, आणि म्हणूनच जास्त वैताग येतो. बरं, त्यांना हवा असलेला कोवळा उजेड आणि तुम्हाला हवा असलेला एकच: सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सहा. पौषात लग्नं नसतात म्हणून तेव्हा शांतता मिळेल, हा हिशेबही चुकतो. माघ-फाल्गुनातल्या लग्नांचे फोटो पौषातच काढले जातात. त्यात डिसेंबरअखेर महाबळेश्वर-पाचगणीला निघालेल्या गाड्या वाईतूनच जातात, त्यामुळे गणपतीच्या घाटाजवळ गाडी लावायची तर अर्धा तास गेलाच म्हणायचा.

पळशीत हा त्रास नाही, किंवा माझ्या पाहण्यात तरी नाही. तिथली अडचण वेगळी: कुलूप. दोन्ही ठिकाणचे वाडे खाजगी मालकीचे, तेव्हा हक्काने आत शिरता येत नाही. मेणवलीला निदान घाट तरी कायम उघडा असतो. पळशीला वाडा बंद मिळाला तर मुख्य गोष्टच हुकते. पण यावर उपाय आहे. गावात गेल्या गेल्या वाड्याकडे न धावता आधी पारावर थांबावं, एखाद्या आजोबांना रामराम करून किल्ली कुणाकडे असते ते विचारावं. आपण कुठले, कशाला आलो, हे आधी सांगितलं की सहसा कुणीतरी बरोबर येतं. फोटो काढायच्या आधी विचारावं, आणि लोकांच्या दारातल्या ओट्यावर चढून तटाचा फोटो घेऊ नये. थंडीत या बाजूला हुरड्याचे दिवस असतात. शेतावरून जाताना बोलावणं आलं तर घाई आहे म्हणू नये.

तसं बघितलं तर दोन्हीची तुलना थोडी अन्यायाचीच आहे. वाईत नदी आहे, सलग घाट आहेत, मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. शंभर गोष्टींत वाई सरस ठरेल. फक्त भर दुपारी, उत्तरेकडच्या सोप्यात ऊन आलेलं असताना, केळफुलाखाली मान वर करून पाऊण तास कुणाच्याही फ्रेममध्ये न येता बसायचं असेल, तर मी पळशी म्हणेन.

वाईलाच जायचं ठरलं असेल तर मंगळवार-बुधवार धरावा, नाताळचा आठवडा सोडावा, आणि मेणवलीच्या घाटावर सकाळी सातच्या सुमारास असावं. तेव्हा नदीवर धुकं असतं, पायऱ्या दवाने निसरड्या असतात म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि पहिला झगा गाडीतून बाहेर निघायच्या आत घंटा बघून होते.